पायलटच्या टोपीपेक्षा "परत म्हण" महत्त्वाचं

वर्गात विमान-विमान खेळायचं ठरलं की सगळ्यात आधी तयार होतात पुठ्ठ्याच्या टोप्या. एक मुलगा पायलट, दोन मुली एअर होस्टेस, बाकी सगळे प्रवासी. प्रवासी खुर्च्यांवर बसून राहतात, पायलट तोंडाने घुंऽऽ करतो, फोटो निघतात आणि खेळ संपतो. मी दुसरीला शिकवते. पहिल्या वर्षी माझ्याही वर्गात हेच झालं. तीस मुलांपैकी सत्तावीस जणांनी त्या तासात काहीच केलं नाही, हे मला खूप लागलं.

आता मी टोप्या करत नाही. दारापासून खिडकीपर्यंत खडूने धावपट्टी आखते आणि तिच्या दोन्ही टोकांना आकडे घालते, एकीकडे ०९, दुसरीकडे २७. हे आकडे खऱ्या विमानतळांवरही असेच असतात. होकायंत्रावर पूर्व ९० अंशांवर, पश्चिम २७० वर. शेवटचा शून्य सोडायचा, झाला धावपट्टीचा आकडा. पूर्वेकडे तोंड करून धावणारं विमान ०९ वरून निघतं. अंश-बिंश मी मुलांना सांगत नाही. सकाळचं ऊन येतं तिकडे धावायचं तर नऊवरून, एवढं त्यांना पुरतं. पण एका मुलाने सत्तावीसातून नऊ वजा केले, अठरा आले, आणि मग विचारलं, "बाई, उत्तर-दक्षिण धावपट्टी असली तर?" फळ्यावर ३६ आणि १८ लिहिले. त्याने वजाबाकी केली, पुन्हा अठरा. त्या दिवशी गणिताचा वेगळा तास घ्यावा लागला नाही.

खेळाचा प्राण मात्र मला टॉवरमध्ये दिसतो. टॉवर म्हणजे विमानतळावरचा, विमानांना कधी उडायचं-उतरायचं ते सांगणारा मनोरा; आमच्याकडे तो म्हणजे टेबलावर ठेवलेली खुर्ची (मी शेजारी उभी असते, खुर्ची धरून). टॉवरने काही सांगितलं की पायलटने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. परत म्हटलं नाही तर चाक हलवायचं नाही. खरे वैमानिकही हेच करतात, त्याला रीडबॅक म्हणतात. नुसतं "हो" किंवा "ठीक आहे" चालत नाही, कारण त्यातून समोरच्याला काय ऐकू गेलं ते कळत नाही.

मी याबाबत इतकी हट्टी का, ते मुलांना सांगत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाने परवानगी मिळण्याआधीच धाव घेतली होती. टॉवरचं "थांबा" रेडिओवर दुसऱ्या विमानाच्या वैमानिकांच्या बोलण्यात मिसळलं आणि वैमानिकापर्यंत नीट पोचलंच नाही. त्यानंतर बोलण्याचे नियम कडक झाले. आता "टेक-ऑफ" हा शब्द टॉवरने उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असतो. शब्द इतका जपून वापरायचा असतो, हे सात वर्षांच्या मुलाला खेळातून अंगवळणी पडत असेल, तर मी तो तास टोप्या चिकटवण्यात घालवणार नाही.

आणि कृपा करून मुलींना एअर होस्टेसच्या कामात बांधून ठेवू नका. रेमोंद द लारोश या फ्रेंच बाईंना वैमानिकाचा परवाना ८ मार्च १९१० रोजी मिळाला, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणानंतर सात वर्षंही झाली नव्हती. केबिन क्रूचं कामही नुसता ट्रे देण्याचं नाही. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता देताना अर्धी दारं बंद ठेवून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढता येतात का, ते तपासतात. आमच्या वर्गात ही भूमिका घेणारं मूल नव्वदपर्यंत मोजतं आणि बाकीच्यांना रांगेत, धक्का न देता, दप्तर न उचलता बाहेर नेतं. दप्तर न उचलणं त्यांना सगळ्यात अवघड जातं.

या वर्षी टॉवरमध्ये एक मुलगी बसली होती. वर्गात ती प्रश्न विचारला तरी मान खाली घालते. पायलट ०९ वर येऊन उभा राहिला आणि त्याच वेळी सामानाची गाडी झालेला मुलगा धावपट्टी ओलांडायला निघाला. "उडू का?" पायलटने विचारलं. ती म्हणाली, "थांब. धावपट्टीवर गाडी आहे." आवाज बारीक होता. पायलट म्हणाला, "बरं." ती खुर्चीत ताठ झाली. "बरं नाही. परत म्हण." अख्खा वर्ग गप्प. "थांबतो. धावपट्टीवर गाडी आहे." गाडी पलीकडे गेल्यावरच तिने उडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ दिला, पान बारा, पहिली तीन गणितं. मागच्या बाकावरून तोच पायलट म्हणाला, "पान बारा, पहिली चार गणितं."

"तीन," ती म्हणाली, मान वर करून.