धूर दिसत नाही, म्हणून

गणपतीची आरती यंदाही मी डब्लिनहून फोनवरच ऐकली. आरती झाली आणि पडवीत नेहमीचा वाद पेटला. आमचं घर गुहागर तालुक्यातलं, पण रिफायनरीचं नाव निघालं की काकांपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना बोलायचं असतं. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी चाललेलं मातीपरीक्षण रोखायला बायका भर उन्हात उतरल्या, तेव्हा मी मनाने त्यांच्याच बाजूला होतो, आजही आहे. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तुझ्यासारख्या कॉम्प्युटरच्या कंपन्या येऊ देत की इकडे. ना धूर, ना वास."

मला लगेच हो म्हणवेना.

या कंपन्यांची डेटा सेंटरं, म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या कॉम्प्युटरांची गोदामं, आयर्लंडमध्ये २०१५ साली देशाची ५ टक्के वीज घेत होती, २०२३ साली २१ टक्के. शहरांतल्या सगळ्या घरांना मिळून त्याहून कमी लागते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केलं, की २०३० पर्यंत आम्ही जितका कार्बन सोडू त्याहून जास्त हवेतून काढून घेऊ. तीन वर्षांत त्यांचं उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढलं. मुख्य कारण नव्या डेटा सेंटरांचं सिमेंट, पोलाद, चिप्स. गुगलचं २०१९ ते २०२३ मध्ये ४८ टक्क्यांनी वाढलं. वर्षभराच्या विजेइतकी पवनऊर्जा विकत घेतली की कागदावर हिशेब जुळतो. पण वारा पडलेल्या रात्री इथे गॅसच जळतो.

तरी एक गोष्ट मला इथली हवीशी वाटते. हे वाईट आकडे कंपन्यांनी स्वतः छापले, विजेचे सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने. आकडा समोर होता म्हणून लोक भांडू शकले, आणि डब्लिन परिसरात नव्या डेटा सेंटरांना वीजजोडणी मिळणं काही वर्षं जवळपास थांबलं होतं.

आपल्याकडेही सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला आहे. चांगलंच झालं. पण तो अख्ख्या कंपनीची बेरीज सांगतो, आणि शेअर बाजारात नसलेल्या कारखान्याला तेवढंही बंधन नाही. दाभोळ खाडीत जाळं टाकणाऱ्या भोयाला ती बेरीज काय कामाची? लोटे औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांकडून या आठवड्यात खाडीत काय उतरलं, हे त्याला कळायला हवं. आज ते त्याला मेलेले मासे सांगतात.

भावाला म्हटलं, कंपनी येऊ दे, पण वीज कुठून आणि पाणी कुठलं, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. तो म्हणाला, "विचारणार कोण?"

पुढच्या ग्रामसभेसाठी, कंपनीला विचारायचे प्रश्न मी त्याला लिहून पाठवतो आहे. पहिला पाण्याचाच: मार्च ते मे, आपल्या वाडीवर टँकर येतो तेव्हा, तुम्हाला रोज किती लिटर लागेल?