‘हिणवणे’ आणि सोनाराचं हीण: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘हिणवणे’वरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘हा शब्द सरळ संस्कृत हीनपासून आलाय. सोनाराच्या हिणाशी त्याची गाठ मारणं ही व्हॉट्सअ‍ॅपी व्युत्पत्ती. ठाण्याच्या गल्लीत ऐकलेलं शास्त्र म्हणून खपवू नका.’ त्याखाली आणखी चार मुद्दे. शुद्धलेखनाचा मान्य: हीण दीर्घ, हिणवणे ऱ्हस्व, माझ्याकडून दोन्हीकडे पहिली वेलांटी पडली, दुरुस्त केलंय.

पण ‘खपवू नका’? मतभेद असावेत, वसकन अंगावर कशाला यायचं? आणि ‘गल्ली’ म्हणजे काय हो? याच ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड उघडून मी तिथे दुपारच्या दुपार काढल्यात. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा जन्माला यायचं होतं.

आता हीन. ‘ओहाक् त्यागे’ हा ‘टाकणे’ अर्थाचा धातू. पाणिनीच्या ‘ओदितश्च’ या सूत्राने त्याला त या प्रत्ययाऐवजी न लागतो. हीन म्हणजे टाकलेला, उणा. एवढं संस्कृत आम्हीही घोकलंय. पण न चा ण कुणी केला? पंडितांनी उचललेल्या शब्दात न तसाच राहतो, दीनसारखा. लोकांच्या तोंडी रुळून आला की पानीयचं पाणी होतं, हीनचं हीण होतं. आणि मराठीत नुसतं हीण म्हटलं की काय? सोन्यारुप्यात मिसळलेला हलका धातू. रंगाला वणे लागून रंगवणे झालं, तसंच इथे. हीन आजोबा आहेत हे मी कधी नाकारलं? बाप कोण, एवढंच सांगत होतो.

माझे मामा जांभळी नाक्याजवळच्या एका पेढीवर कारागीर होते. गिऱ्हाईक मोड, म्हणजे मोडायचा जुना दागिना, घेऊन आलं की काळ्या कसोटीवर एक रेघ त्याची, शेजारी एक चोख सोन्याची, वर तेजाबाचा थेंब. तांबं जास्त असलं की रेघ हिरवट होऊन विरायची. मामा बोलत काहीच नसत, दगड तेवढा पुढे सरकवत. दुकानात चार माणसं असायचीच. कानातलं मोडायला आलेल्या बाईचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा, ते मी जवळून पाहिलंय. हिणकस म्हणजे कसाला न उतरणारं, आणि हिणवणं म्हणजे माणसाला तसं चारचौघांत उणं ठरवणं. आपल्या ‘हीन’मध्ये कमीपणा आहे, हे चारचौघं कुठे आहेत?

उरलेल्या मुद्द्यांपैकी ‘हल्ली तुम्ही फार लिहिता’ याला माझ्याकडे उत्तर नाही, वाचू नका. पुढच्या वेळी मात्र टोपणनावाआडून न बोलता खऱ्या नावानं लिहा. आणि अक्षर बारीक दिसतं ही तक्रार फोनच्या सेटिंगमध्ये मिटते.