अडॅप्टरच्या जास्त अँपिअरने रेडिओ जळत नाही

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की रेडिओ 300 मिलिअँपचा असेल तर 2 अँपिअरचा अडॅप्टर लावू नका, जास्तीचा करंट घुसून तो जळेल. करंट काढायला वॅटला 230 ने भागा. आणि खात्री करायची तर मल्टिमीटर (करंट-व्होल्टेज मोजायचा मीटर) अँपिअरवर ठेवून अडॅप्टरच्या पिनला लावा. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

पहिला मुद्दा. अडॅप्टरवरचे अँपिअर म्हणजे त्याची देण्याची कमाल ताकद. रेडिओ त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो. 2 अँपिअरचा चालेल, उलट 200 मिलिअँपचा लावलात तर आवाज वाढवताच व्होल्टेज बसेल, गाणं फाटेल आणि अडॅप्टर तापेल. मग मोठा अडॅप्टर लावल्यावर रेडिओ गेला, असं लोक सांगतात ते खोटं का? नाही, पण मारेकरी व्होल्टेज आहे. ट्रान्सफॉर्मरचे जुने, जड अडॅप्टर रेग्युलेटेड नसतात, म्हणजे ओढला जाणारा करंट (लोड) बदलला की त्यांचं व्होल्टेजही बदलतं. 9 व्होल्ट लिहिलेला असा अडॅप्टर पूर्ण लोडवर 9 देतो, रिकामा असताना मीटरवर 12-13 दाखवतो. 1 अँपिअरच्या अडॅप्टरला 100 मिलिअँपचा रेडिओ म्हणजे जवळजवळ रिकामाच. त्यामुळे व्होल्टेज चढलेलंच राहतं आणि कपॅसिटर फुगतात. दुसरं कारण उलटी पिन: प्लस आत की बाहेर, ते रेडिओवरची गोल खूण बघून जुळवा.

दुसरा मुद्दा. ज्या व्होल्टवर रेडिओ चालतो, त्यानेच भागायचं. कृष्णेचं पाणी चढलं की वीज बंद होते, तेव्हा हा हिशेब लागतो. 12 व्होल्टचा, 3 वॅटचा रेडिओ 3 ÷ 12 = 0.25 अँपिअर घेतो. 7 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास) लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मे, म्हणजे साडेतीन एएचच वापरा. मिळाले 14 तास. मेसेजच्या रीतीने 3 ÷ 230 = 0.013 येतं आणि तेच साडेतीन एएच 11 दिवस पुरतील असं वाटतं! पुरात अशा भरवशावर कुणी राहू नये. बॅटरीच्या प्लसजवळ 1 अँपिअरचा फ्यूज टाकाच.

तिसरा मुद्दा. अँपिअरवर ठेवलेला मीटर म्हणजे जवळपास सरळ वायर. तो प्लस-मायनसवर आडवा लावला की शॉर्ट झाला. मीटरचा फ्यूज उडतो, आणि बॅटरी असेल तर वायरही वितळते. प्लसची वायर सोडवा, सुटलेल्या दोन टोकांच्या मधे मीटर जोडा, लाल प्रोब आधी 10 अँपिअरच्या भोकात घाला. आकडा 200 मिलिअँपच्या आत असेल तरच खालच्या रेंजवर या. माप आवाज पूर्ण वाढवून घ्या. हळू आवाजातल्या आकड्यापेक्षा तो बराच चढतो, आणि अडॅप्टर त्या चढलेल्या आकड्याच्या दीडपट घ्यावा.