बांधावर पाय पाहिजेत

आमच्या कट्ट्यावरच्या पैलवानाच्या गावच्या तलावाचं पर्यटनस्थळ करायचा ठराव सगळ्यांना माहीत होता. ते कसं दिसेल याचे फोटो तर आठवडाभर फिरत होते : बांधावर पेव्हर ब्लॉक, दोन्ही कडेला झाडं, खाली बोटिंग, टोकाला सेल्फी पॉइंट. मृग तोंडावर आलेला, उकाडा असा की अंगातला शर्ट पिळून काढावा, आणि सात रस्त्याजवळच्या आमच्या टपरीवर दुसरा चहा चालू होता.

शेठ रंगात आला होता. शेठ म्हणजे पैलवानाचा चुलतभाऊ. मंडप-डीजेचा धंदा. गावात काहीही नवं निघालं की याच्या डोक्यात आधी लाइटच्या माळा पेटतात.

"सोलापूरच्या माणसानं रविवारी जायचं कुठं बे? हिप्परग्याचा तलाव एक सोडला तर हाय का काही? आपल्या गावाचं महाबळेश्वर करून टाकतो बघा."

"आणि पोरं बुडाली की?" मास्तर लगेच उसळले. "कुगावचं विसरलास? २१ मे २०२४. वाऱ्यात उजनीत बोट उलटली, सहा जण गेले. माझं म्हणणं साधं आहे. चारी बाजूंनी तारेचं कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा."

"मास्तर, तुम्ही आम्हाला ऑफ तासाला वर्गाला बाहेरून कडी घालून ठेवायचा, तसंच हे," पैलवान म्हणाला. "आम्ही खिडकीतून जायचो."

"म्हणून तर दहावीला दोनदा बसलास."

आबा तोवर बशीत चहा ओतत होते. आबा पाटकरी. बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या नोकरीत बांध आणि पाट चालले. पैलवानाच्याच गावचे, आता लेकाकडे सोलापुरात असतात. त्यांचं बोलणं जमेल तसं उतरवून घेतलंय, कारण त्या संध्याकाळी मुद्द्याचं बोलणारे तेवढे एकटेच होते.

"लावा की कुलूप," ते म्हणाले. "मग बांधावर माणूस फिरायचा बंद हुतो. आन् जिथं माणूस फिरत न्हाई, तिथं घोरपड फिरती, बांधात बीळ पाडती."

"म्हणजे आबा माझ्या बाजूनं!" शेठ टाळी द्यायला पुढे आला. आबांनी टाळी दिली नाही.

"तू बांधावर झाडं लावणार. जगलं तर मूळ पाण्याकडं जातंय. मेलं तर मूळ कुजतंय आन् भरावात नळी ऱ्हाती. पाण्याला तेवढी वाट बास झाली. बांधावर हरळी पाहिजे, हरळी. झाडं लाव की शंभर, पर पायथा सोडून लांब, गावाच्या अंगाला. आन् ते ब्लॉक कशाला? बांधाला भेग पडली, माथा खचला, तर आम्हाला दिसायला नको? तू त्याच्यावर फरशी घालून झाकून ठेवणार."

शेठ म्हणाला, सिमेंटनं उलट मजबुती येते. मातीचं म्हणजे कच्चंच की शेवटी.

"हिप्परग्याचा बांध १८७१चा हाय. मातीचाच. त्याचं पाणी पिऊन तुझा आजा वाढला. कच्चं कुणाला म्हणतो?"

मास्तरांनी मग कायद्यावर नेलं. २०२१ला धरण सुरक्षा कायदा झालाय, तपासणी सरकार करेल, आपण कशाला डोकं घालायचं, वगैरे. इथं मला राहवलं नाही. तो कायदा मी वाचला होता. १५ मीटरहून उंच धरणाला तो लागतो. १० ते १५ मीटरमधलं असेल तर लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशी एखादी अट पुरी व्हावी लागते. पैलवानाच्या गावचा बांध तीस फूट, म्हणजे जेमतेम नऊ मीटर. त्या कायद्याच्या लेखी ते धरणच नाही. बांधाखाली मात्र ओढ्याला लागून अख्खी वस्ती आहे, अंगणवाडी आहे. पाणी फुटलं तर ते कायद्यातली उंची मोजून थांबणार नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. मास्तर गप्प बसले.

मग तिवरे धरण फुटल्याचं निघालंच. २ जुलै २०१९ची रात्र, चिपळूण तालुका, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. आणि तिवरे निघालं की तानाजी सावंतांचे खेकडे निघतातच. ते तेव्हा जलसंधारण मंत्री होते, आणि खेकड्यांनी धरण पोखरलं असं म्हणाले होते.

"खेकडा भोक पाडतो, हे खोटं न्हाई," आबा म्हणाले. "पर गळतंय गळतंय म्हणून गाव आधीच सांगत हुतं. खेकड्याला बोलता येत न्हाई, गावाला येतं. ऐकलं कुणाचं?"

पैलवानानं विचारलं, आपल्या बांधाच्या पायथ्यालाही ओल असते, त्याचं काय?

"ओलीला भ्यायचं न्हाई. निवळ पाणी आलं तर ध्यान ठेवायचं, काल किती हुतं, आज किती. गढूळ आलं की पायात चप्पल घालायला बी थांबू नको. त्यो बांध आतनं निघाला."

यानंतर चर्चा भलतीकडेच गेली आणि भांडण झालं. १४ ऑक्टोबर २०२०च्या पावसाचं. शेठ बोलता बोलता म्हणाला, तेव्हा तरी कुठं काय झालं, बांध हाय की उभा. पैलवान उठूनच उभा राहिला.

"उभा हाय तो आबांमुळं! तुझ्या बापानं मासं जाऊ नयेत म्हणून जादा पाणी जायच्या सांडव्याला जाळी बांधली होती. तिला ऊसाचं पाचट, काटक्या, प्लास्टिक, सगळं अडकलं. सांडवा बंद. रात्री दोनला आबा न् मी कमरेला दोर बांधून कोयत्यानं जाळी तोडली. पाणी माथ्याच्या हातभर खाली होतं!"

"आणि तुझ्या बापानं बांध उकरून मोटारीचा पाइप घातलाय, ते कोण सांगणार? त्याच पाइपच्या कडेनं ओल येते तुझी!"

बाकीची टपरी आमच्याकडे वळून बघायला लागली. पैलवान एकदम खाली बसला. पाइपाचं खरं होतं. त्याच्या घरची अडीच एकर डाळिंब त्या पाण्यावर आहे.

आबांनी दोघांनाही सोडलं नाही. "दगडी धरणावरनं पाणी गेलं तर जाऊ दे म्हणलो असतो. मातीवरनं गेलं की माती संगं नेतंय, मग घटकाभराचा खेळ. आन् पाइपच्या कडेनं माती कवाच घट्ट बसत न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई त्या बांधावर पाट्या टाकत हुती, सुकडी खाऊन. थरावर थर, पाणी मारून, धुमसून केलेलं काम हाय ते. तुम्ही एकानं तोंड शिवलं, एकानं पोटात सुरी घातली."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तरांनीच, आवाज उतरवून विचारलं, "पण आबा, पोरांचं काय? ती पोहायला जाणारच."

"जाणारच. कुठं पोहायचं ते ठरवून द्या. गाळ काढला, चांगलं केलं. पर जेसीबीवाल्यानं ट्रॅक्टरला जवळ पडतो म्हणून बांधाच्या कुशीतनंच उचलला. तिथं आता खड्डे हायत. पोरगं गुडघाभर पाण्यातनं चालतंय, एक पाऊल पुढं टाकलं की पुरुषभर. वरनं कायबी दिसत न्हाई."

मी ग्लास खाली ठेवला. आठवीत असताना मामाच्या गावी आमच्यासोबत आलेला एक मुलगा असाच गेला होता. आम्ही काठावरून त्याला हसत होतो, कारण तो मस्करी करतोय असं वाटलं. पाणी खरंच गुडघ्याएवढं होतं. हे मी कट्ट्यावर याआधी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

शेठनंच मग वही काढली. आबा सांगत गेले. पोहायला वरच्या अंगाचा उताराचा काठ. तिथले खड्डे आधी बुजवायचे, पाण्यात वेळू रोवून हद्द करायची. झाडाला दोर आणि दोन ट्यूब कायम टांगलेल्या. कुणी बुडालं तर उडी नाही मारायची, आधी दोर फेकायचा. विमोचकाच्या, म्हणजे पाटाला पाणी सोडायच्या, विहिरीजवळ कुणी नाही. सांडव्याच्या शेवाळावर कुणी नाही. बांधावर चालायला सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना मोकळीक, गाडीला नाही. आणि चालणाऱ्यानं पायथ्याची ओल बघून फळ्यावर खडूनं लिहायचं.

"म्हणजे मॉर्निंग वॉकवाले फुकटचे पाटकरी," शेठ म्हणाला.

"आता कळलं तुला."

"आणि बोटिंग?"

"करू की. आधी सांग, हितं पोहता कुणाकुणाला येतं?"

मी हात वर केला. पैलवानानं केला. मास्तरांनीही केला, सगळ्यांना आश्चर्य वाटलं. शेठ वहीत बघत होता.

"काय रे?"

"लाइफ जॅकेट असतंय की, आबा."

"तळ्याच्या काठाला जल्मला न् पोहता येत न्हाई?"

"लहानपणी भोपळा बांधून सोडलं होतं यानं," शेठनं पैलवानाकडे बोट केलं. "भोपळा वर आला. मी न्हाई आलो."

पैलवान असा हसायला लागला की त्याच्या ग्लासातला चहा मास्तरांच्या पांढऱ्या लेंग्यावर गेला. मास्तर ओरडायला उठले ते त्यांनाच हसू फुटलं. रविवारी सकाळी सहाला सगळ्यांनी बांधावर जायचं ठरलं. पैलवान पाइपाच्या चरासाठी काळी माती आणि ती ठोकायला धुम्मस आणतो म्हणाला. आणि शेठनं जॅकेट घालूनच यायचं, असं मास्तरांनी त्याच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली.