मेग्ज फील्ड ‘सुरक्षेसाठी’ बंद झाले का?

शिकागोच्या मेग्ज फील्ड या छोट्या विमानतळाविषयीचा एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. त्यानुसार, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर उंच इमारतींना असलेला धोका ओळखून शहराने हा विमानतळ बंद केला. तसाही तो मूठभर श्रीमंतांचा होता, जागा मुळात उद्यानाची होती, आणि बंद करण्याच्या पद्धतीबद्दल शहराला जबर दंडही बसला. यातील जागेविषयीचे विधान तेवढे बऱ्याच अंशी खरे आहे.

सुरक्षेचे कारण घटनाक्रमापुढे टिकत नाही. विमानतळ हटवून तेथे उद्यान करण्याचा बेत महापौर रिचर्ड एम. डेली यांनी १९९४ मध्येच जाहीर केला होता. १९९६ मध्ये जागेचा भाडेकरार संपताच शहराने विमानतळ बंद करून धावपट्टीवर फुल्या रंगवल्या; मात्र राज्य विधिमंडळाने हस्तक्षेप केल्यामुळे फेब्रुवारी १९९७ मध्ये तो पुन्हा सुरू करावा लागला. याहून बोलकी गोष्ट डिसेंबर २००१ ची आहे. हल्ल्याला जेमतेम तीन महिने झाले असताना, शिकागोच्या मोठ्या ओहेअर विमानतळाच्या विस्ताराला राज्याची संमती मिळावी म्हणून, याच डेली यांनी इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्याशी केलेल्या समझोत्यात मेग्ज २०२६ पर्यंत चालू ठेवण्याचे मान्य केले. धोका इतका उघड असता तर हे आश्वासन कसे दिले गेले असते? समझोत्याला बळ देणारा संघीय कायदा संमत झाला नाही, आणि ३० मार्च २००३ च्या रात्री पोलिसांच्या पहाऱ्यात यंत्रे आणून धावपट्टीवर फुलीच्या आकाराचे मोठे चर खोदण्यात आले. सुरक्षेचा युक्तिवाद ठळकपणे पुढे आला तो त्यानंतर. शिवाय, हलके विमान परिसरातील दुसऱ्या कोणत्याही विमानतळावरून उडून त्याच इमारतींपर्यंत पोहोचू शकते. मेग्जच्या नियंत्रण मनोऱ्याचे किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर असलेले लक्ष मात्र या निर्णयाने संपले.

श्रीमंतांच्या मक्तेदारीचा आरोप अर्धवट आहे. डिसेंबर १९४८ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाची एकुलती धावपट्टी सुमारे ३,९०० फूट लांब होती, त्यामुळे मोठी प्रवासी विमाने येथे उतरतच नसत. व्यावसायिकांची खासगी विमाने पुष्कळ होती, हे मान्यच आहे; पण राज्याची राजधानी स्प्रिंगफील्डकडे जाणारे सरकारी अधिकारी, लहान प्रवासी सेवा आणि रुग्णवाहक उड्डाणेही येथूनच होत. संगणकावर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर खेळलेल्या पिढीला ही धावपट्टी परिचयाची आहे, कारण अनेक वर्षे त्या खेळातील पहिले उड्डाण येथूनच होत असे.

जागेबद्दलचे म्हणणे नाकारता येणार नाही. नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम यांच्या शिकागोसाठीच्या १९०९ च्या नगररचना आराखड्यात सरोवरकाठी कृत्रिम उद्यान-बेटांची साखळी होती. त्यांपैकी नॉर्दर्ली आयलंड, म्हणजे पुढे जेथे मेग्ज उभारले गेले ते, हे एकच बेट उभे राहिले, आणि १९३३-३४ च्या जागतिक प्रदर्शनातही ते वापरले गेले. जमीन उद्यान मंडळाची होती आणि करार संपला होता, म्हणजे उद्यानाची मागणी निराधार नव्हती. प्रश्न आहे तो चर्चा टाळून मध्यरात्री उरकण्याचा: संघीय विमान वाहतूक प्रशासनाला आवश्यक ३० दिवसांची पूर्वसूचना दिलीच गेली नाही, आणि तळावर अडकलेल्या १६ विमानांना नंतर टॅक्सीवेवरून (धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या मार्गावरून) उड्डाण करून बाहेर पडावे लागले.

राहिला ‘जबर’ दंड. तो होता ३३,००० डॉलर, म्हणजे दिवसाला १,१०० डॉलर या दराने ३० दिवसांचा, आणि तेव्हाच्या कायद्यानुसार तेवढीच कमाल मर्यादा होती. एवढ्या मोठ्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नगण्यच म्हणावी लागेल. २००६ मध्ये अपिलाचा नाद सोडून शहराने तो भरला. त्याच तडजोडीत विमानतळांसाठी राखीव असलेल्या निधीतून या कामावर खर्च केलेले १० लाख डॉलर परत करण्याचे शहराने कबूल केले. आर्थिक फटका म्हणायचा तर तो हाच. मेग्जच्या प्रकरणानंतर अमेरिकी काँग्रेसने अशा प्रकारच्या दंडाची मर्यादा दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत वाढवली, पण ती तरतूद शिकागोला लागू होण्याची वेळ टळून गेली होती.