‘विषारी कॅसरोल’चा फॉरवर्ड आणि शुक्रवारचा ओव्हन

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा, टर्की हा पक्षी रांधायचा सण, उलटला की आमच्या घराण्याच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येऊन पडतो. पाठवणारे काका सांगलीचे, वाचणारी मी न्यू जर्सीची. मजकूर दरवर्षी थोडा बदलतो, गाभा तोच. शिजवलेलं अन्न बारा तासांनी ‘मृत’ होतं. ते पुन्हा तापवलं की विष होतं, त्यात बटाटा आणि मांस सर्वांत घातक. उरलेलं ठेवायचंच असेल तर पूर्ण निवल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये. आणि शेवटी, आपल्या पूर्वजांनी शिळ्याला कधी हात लावला नाही, गीतेतही तेच सांगितलंय. यंदा सोबत फोटोही होता. काचेच्या भांड्यात टर्की, बटाटे, वर खरपूस थर आणि त्यावर भलीमोठी लाल फुली. अगदी माझ्याच शुक्रवारच्या जेवणावर मारल्यासारखी.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. इथे कॅसरोल म्हणजे खोलगट भांड्यात थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. तो उरल्यासुरल्याचाच असतो असंही नाही. इथली प्रसिद्ध ग्रीन बीन कॅसरोल १९५५ साली आमच्याच राज्यातल्या कॅम्डेनमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवली. डब्यातलं मशरूमचं सूप, फरसबी, वर तळलेला कांदा, संपलं. तेव्हा ‘उष्ट्याचा गोळा’ हे फॉरवर्डमधलं विशेषण निदान तिला तरी लागू नाही.

आता ‘तापवलं की विष’. ओव्हन विष तयार करत नाही. अन्न बिघडवणारे जंतू साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे भराभर वाढतात. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं सांगतं की उरलेलं अन्न आतपर्यंत १६५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७४ सेल्सिअस, होईस्तोवर तापवा. फॉरवर्ड ज्याला घाबरवतो ती पायरी मुळात बचावाची आहे. बटाट्याबद्दल ‘सोलॅनिन (एक विषारी द्रव्य) तयार होतं’ असं लिहिलंय. सोलॅनिन असतं हिरव्या पडलेल्या, कोंब फुटलेल्या बटाट्यात, शिजवण्याच्या आधीपासून. दुसऱ्यांदा तापवल्यामुळे ते येत नाही. पण बटाट्यापासून विषबाधा झालीच नाही असंही नाही. १९९४ साली टेक्ससमधल्या एल पासोत फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे तसेच बाहेर ठेवले गेले, नंतर त्यांचं डिप केलं आणि ३० जणांना बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा, झाला. दोष ठेवण्याचा होता, तापवण्याचा नव्हे.

आणि इथेच या फॉरवर्डमधलं खरोखर धोक्याचं वाक्य येतं. बाकीची सगळी वाक्यं फार तर अन्न वाया घालवतात. ‘पूर्ण निवल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे मात्र माणसाला आजारी पाडू शकतं. टर्की हा मोठा पक्षी, सात-आठ किलोचा सहज असतो. तो टेबलावर ‘निवत’ ठेवला तर आतला भाग तासन् तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू याचीच वाट बघत असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि मांस हळूहळू निवायला लागलं की ते जागे होऊन वाढतात. त्याच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरात जास्त दिसतात, कारण सणासुदीला मोठ्या प्रमाणावर रांधलेलं अन्न बराच वेळ बाहेर राहतं. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा, जुलाब, आणि बहुतेकदा दिवसाभरात उतार.

आमच्याकडे एका वर्षी हे घडलंय. जेवणं चारला झाली, मग पत्ते रंगले, टर्की रात्री दहापर्यंत टेबलावर. ‘निवू दे गं, मग ठेवू’ म्हणणारी मीच. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घरातले चौघे बाथरूमच्या रांगेत, आणि ग्रुपवर काका विजयी मुद्रेने: ‘सांगितलं होतं ना?’ कारण टर्कीच होती का, हे कुणी तपासलं नाही. पण काका, तुम्ही सांगितलं होतं ते निवू द्यायचंच होतं.

नियम सोपा आहे. दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि उन्हाळ्यात बाहेर ३२ सेल्सिअसच्या वर असेल तर एका तासात. मे महिन्यातलं सांगलीतलं स्वयंपाकघर आठवा. वाफाळतं अख्खं पातेलं आत ढकललं तर शेजारचं दूधही तापेल, एवढा त्या जुन्या सल्ल्यात अर्थ आहे. त्यावर उपाय वेळ काढणं हा नाही. मांस हाडांपासून सोडवायचं, उथळ डब्यांत दोन इंचांपेक्षा जाड थर न करता पसरायचं आणि कोमट असतानाच आत ठेवायचं. आपला पोळ्यांचा कॅसरोलही या हिशेबात तपासा. त्यात पोळ्या ठीक, पण सकाळचा भात किंवा रस्सा दुपार उलटेपर्यंत झाकून ठेवला तर तो गरम राहत नाही, कोमट राहतो. जंतूंना तेच हवं असतं.

फॉरवर्डच्या खाली माझ्या आतेभावाने बाणेदार उत्तर दिलं: ‘ओव्हनमध्ये सगळे जंतू मरतात, बिनधास्त खा.’ बाजू माझी, पण चूकच. जंतू मरतात, काहींनी आधीच सोडलेलं विष उरतं. भातातला बॅसिलस सेरियस असं एक विष करतो की ते पुन्हा तापवूनही टिकतं आणि काही तासांतच उलट्या सुरू होतात. आमच्या थँक्सगिव्हिंगला टर्कीशेजारी मसालेभात असतोच. तो रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर कितीही बेक करा, उपयोग नाही. फेकून द्यायचा.

राहिले पूर्वज. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी कोणाची? दुसऱ्या दिवशीची पुरणपोळी जास्त चांगली लागते असं म्हणणारी पिढी कोणाची? श्रावणात शिळासप्तमीला तर आदल्या दिवशी रांधलेलंच खायची रीत. गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात ‘यातयाम’ (प्रहर उलटून गेलेलं) आणि ‘पर्युषित’ (शिळं) अन्न तामसी लोकांना आवडतं असं म्हटलंय, हे खरं. पण याम म्हणजे प्रहर, तीन तास. तेवढं काटेकोर पाळायचं तर सकाळी भरून नेलेला ऑफिसचा डबाही दुपारी तामसीच ठरतो. विष हा शब्द तिथे नाही.

बारा तासांची मुदतही अशीच हवेतली. नीट वेळेत फ्रिजमध्ये गेलेलं शिजवलेलं मांस तीन-चार दिवस चालतं, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझर.

शुक्रवारचं आमचं कॅसरोल असं: तळाशी उरलेलं पावाचं स्टफिंग, त्यावर टर्कीचे धागे, मग फरसबी किंवा मटार. ग्रेव्ही फ्रिजमध्ये थिजते, ती थोड्या पाण्याने सैल करून ओतायची, नाहीतर मांस कोरडं पडतं. वर कुस्करलेले बटाटे, त्यात मी हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी घालते, कारण तीन दिवस नुसतं लोणी-मीठ मला झेपत नाही. क्रॅनबेरी सॉस आत नको, पाणी सुटतं; बाजूला लोणच्यासारखा घ्यावा. ३५० फॅरनहाइटला फॉइल झाकून अर्धा तास, मग उघडून दहा-पंधरा मिनिटं, आणि थर्मामीटर मधोमध खुपसून १६५ बघायचं. कडा बुडबुडायला लागल्या तरी मधला बटाटा थंड असू शकतो. काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये नको, तडकतं. आणि यातूनही काही उरलं, तर दिवस गुरुवारपासून मोजायचे, शुक्रवारपासून नाही.