मूळ कारण : कामगाराचा निष्काळजीपणा

४ मार्च जवळ आला की कारखान्यांच्या गेटवर सुरक्षा सप्ताहाचे बॅनर लागतात, सकाळी शपथ होते, घोषवाक्य स्पर्धेत स्टीलचा डबा मिळतो. मला मात्र दरवर्षी सायकलच्या ट्यूबची एक पट्टी आठवते.

प्रेस शॉपमध्ये अठरा वर्षं काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. पॉवर प्रेस न पाहिलेल्यांसाठी सांगतो. हे यंत्र धातूचा पत्रा जोराने दाबून कापतं किंवा आकार देतं; ज्या साच्याने दाबतं तो डाय. डाय खाली येताना हात आत राहू नये म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक, म्हणजे दाब, बसतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर असणारच. आमच्या एका जुन्या प्रेसवर डावं बटण ट्यूबच्या पट्टीने कायमचं दाबून बांधलेलं होतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आत-बाहेर. ऑपरेटरला माहीत, डाय बसवणाऱ्या सेटरला माहीत, मला माहीत. मॅनेजर साहेबांचा रोजचा राउंडही तिथूनच जायचा.

पट्टी बांधली की नग भराभर निघायचे, आणि शिफ्टचं टार्गेट त्या वाढीव आकड्यावरच बसवलेलं होतं. दोन्ही बटणं वापरणारा मुलगा संध्याकाळी ‘स्लो’ ठरायचा. ठेकेदारामार्फत आलेल्या मुलावर ‘स्लो’चा शिक्का बसला की त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. तेव्हा ती पट्टी कुणी बांधली असं मला विचाराल, तर मी म्हणेन टार्गेटने बांधली.

लातूरकडचा पोरगा होता, बावीस वर्षांचा, तिसराच महिना. सेकंड शिफ्टचा शेवटचा तास. डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला हॉस्पिटलात सोडून रात्री मी परत आलो, तर पट्टी जागेवर नव्हती. बटणावर रबराचा काळा चिकट डाग तेवढा राहिला होता. अहवालात ‘मूळ कारण’ या रकान्यात लिहिलं गेलं : कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय : पुन्हा प्रशिक्षण. खाली माझी सही आहे. त्या सहीची लाज मला आजही वाटते.

तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात दोन्ही बाजू होत्या. कलम २१ प्रमाणे यंत्राचे धोकादायक भाग सुरक्षित ठेवायची जबाबदारी व्यवस्थापनाची, आणि कलम १११ प्रमाणे कामगाराने सुरक्षा साधनाशी छेडछाड करायची नाही. चौकशीत फक्त १११ आठवायचं.

भोपाळलाही हेच झालं. डिसेंबर १९८४च्या त्या रात्री विषारी वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंदच होती. बाहेर पडणारा वायू जाळणाऱ्या टॉवरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. हे निर्णय शिफ्टवरच्या माणसाचे नव्हते. तरी कंपनी पुढे सांगत राहिली की एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं.

आणि तो ‘अपघातविरहित दिवस’चा बोर्ड! त्या आकड्यावर बक्षीस ठेवलं की अपघात कमी होत नाहीत, लपतात. पायाला टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलेलं मी पाहिलंय. कारण जखमी माणूस ४८ तास कामाला येऊ शकला नाही, तर सरकारकडे कळवावं लागायचं आणि बोर्ड शून्यावर यायचा. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका ‘नासा’च्या एका यंत्रणेला कळवतात, तिथे त्यांचं नाव गुप्त राहतं. आमच्याकडे डाय नीट बसली नाही असं सांगणाऱ्याला आधी ऐकावं लागतं, “तुलाच बरं दिसतं सगळं!”

टूलबॉक्स टॉक (कामाआधीचं सुरक्षेवरचं छोटं बोलणं), पोस्टर, हेल्मेट यांना माझा विरोध नाही. पण ज्या आकड्यावर माणसाचा पगार आणि उद्याची हजेरी ठरते, तो आकडाच चुकीचा असेल तर पोस्टर काय करणार?

पुढे दुसऱ्या कारखान्यात गेलो. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्रेसवर स्वतः उभा राहिलो. घड्याळ लावून, दोन्ही बटणं वापरून, चिमट्याने जॉब काढून, एकेक तास. जे नग निघाले तेच टार्गेट म्हणून लेखी मागितले. “एवढे कमी?” म्हणून वरून विचारणा झाली. तीन मीटिंगा झाल्या, माझा आवाजही चढला. दोन महिन्यांनी सही होऊन कागद आला. तो मी प्रत्येक प्रेसच्या पॅनलवर, बटणांच्या अगदी वर चिकटवला.